खुर्चीखालची नागमोडी रेघ

खुर्ची दुरुस्तीला आली की मी ती आधी उलटी करायचो. गिऱ्हाईक पुढून दाखवत असायचं, हात हललाय, पॉलिश उडालंय, आणि मी त्याच्या देखत ती पाय वर करून टेबलावर ठेवायचो. काही जणांना ते आवडायचं नाही. पाहुण्याला दिवाणखान्यात बसवावं आणि त्यानं उठून थेट मोरीत डोकावावं, तसा तो प्रकार. पण खुर्ची वरून सगळ्यांशीच गोड बोलते. कुणी खिळे ठोकलेत, कुणी भलताच गोंद ओतलाय, कुठला पाय मागाहून बसवलाय, हे सगळं खाली कळतं.

आंग मो किओच्या इंडस्ट्रियल पार्कात माझा गाळा होता. एका बाजूला मोटारींचं गॅरेज, दुसऱ्या बाजूला माशांच्या टाक्यांचे पंप बनवणारा. सिंगापुरात मी आलो तो तुआसच्या यार्डात जहाजांच्या केबिनांचं लाकूडकाम करायला. ते काम सगळं सारखं, सगळं सरळ, आणि त्यावर कोण बसणार, कोण झोपणार ते कधी दिसत नाही. त्याचा कंटाळा आला तेव्हा जुन्या फर्निचरच्या दुरुस्तीचा धंदा काढला. बाहेर पाटी लावली, 'व. पांचाळ'. दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूच्या खालच्या बाजूला त्याच नावाचा लोखंडी ठसा तापवून उमटवायचो. गाळ्यात आम्ही तिघं होतो. मी, लेथवर अंकल लिम, आणि वेताचं विणकाम करायला माझी बायको सुमन. पाटीवर नाव मात्र एकच होतं. हे आत्ताच सांगून ठेवतो, पुढे लागेल.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. आपल्यातल्याच एका बँकवाल्यांना पुण्याहून आईसाठी आणलेला झोपाळा फ्लॅटच्या छताला टांगायचा होता. छताला भोक पाडायला कुणी परवानगी देईना, तेव्हा मी त्याला चार खांबांची चौकट करून दिली. त्यांच्या आई बसल्या, एक झोका घेतला आणि म्हणाल्या, "हा झोपाळा नाही हो, हलणारं बाकडं आहे." पुढे मी जेव्हा जेव्हा कामावर खूश व्हायचो, तेव्हा सुमन मला त्या बाकड्याची आठवण करून द्यायची.

दुसरी एक चिनी म्हातारी. तिच्या नवऱ्याची सागवानी आरामखुर्ची डावीकडे झुकलेली होती. तिला वेत नवा हवा होता, पॉलिश नवं हवं होतं, पण झुकाव तसाच ठेवायचा होता. नवरा आयुष्यभर डाव्या हातावर रेलून रेडिओ ऐकायचा. "दॅट वन डोन्ट टच, लाह," असं तिनं मला दोनदा बजावलं. मी हसलो, पण तिचं ऐकलं. वस्तूची दुरुस्ती करणं म्हणजे तिच्यातली माणसं पुसून टाकणं नव्हे, हे तिनं मला एका वाक्यात शिकवलं होतं. शिकूनही मी ते एका खुर्चीच्या बाबतीत विसरलो. विसरलो म्हणजे मुद्दाम विसरलो. त्या खुर्चीची ही हकीकत.

ती आणली वॉल्टर नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी. ते तुआसच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. उंच, रुंद, साठीच्या पुढचे. खुर्ची टॅक्सीतून ड्रायव्हरनं उचलून आणली, कारण अर्धांगाच्या झटक्यानं वॉल्टर यांचा उजवा हात लुळा पडला होता. खुर्चीचा मागचा एक पाय सैल झाला होता. जिवाभावाच्या माणसाला दवाखान्यात आणावं, तसे ते तिच्या शेजारी उभे राहिले.

मी ती उलटी केली आणि दिवा जवळ ओढला.

आमच्या धंद्यातली नसलेली माणसं विचारतात, खुर्चीत एवढं काय असतं? या खुर्चीत काय होतं ते सांगतो. बैठक चीडच्या, म्हणजे पाइनच्या, एकाच जाड फळीची, माणसाच्या मांड्यांच्या आकारात खोल कोरलेली. चारही पाय खालून बैठकीत घुसवलेले, आणि पाठीच्या बारीक दांड्या वरून. कुठे खिळा नाही, गोंद नाही. करणाऱ्यानं पाय आधी पूर्ण वाळवले आणि बैठकीच्या फळीत थोडा ओलावा राहू दिला. मग पाय ठोकून बसवले. पुढे फळी वाळत गेली तशी ती पायांना आवळत गेली, आणि फळीतला ओलावा घेऊन पाय आत थोडे फुगले. म्हणजे लाकडानंच लाकडाला धरून ठेवलं. ही खुर्ची सव्वाशे वर्षांहून जास्त काळ तशी उभी होती. सैल झाली ती सिंगापुरात आल्यावर. बाहेरची दमट हवा आणि घरातलं एअरकॉन यांच्यामध्ये रोज फुगून आणि आकसून.

अंकल लिम एरवी लेथ सोडून उठायचे नाहीत. ते आले, पाय हलवून पाहिला, बोट फिरवलं. "नो ग्लू," ते म्हणाले आणि परत जाऊन बसले. त्यांच्याकडून एवढी तारीफ मी आधी ऐकली नव्हती.

वॉल्टर यांनी त्या दिवशी मला आपल्या घराण्याची कथा सांगितली. त्यांचे खापरपणजोबा एमस ओहायोकडच्या एका नदीकाठच्या खेड्यात खुर्च्या करायचे. खेड्यातला सुतार, म्हणजे खुर्च्या, पाळणे आणि गरज पडली तर शवपेट्याही. पुढे आरागिरणीच्या पट्ट्यात त्यांच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. लोकांना वाटलं, दुकान बंद होणार. पण एमस डाव्या हातानं कामाला लागले, आणि त्यानंतरच्या त्यांच्या खुर्च्या आधीच्यापेक्षा सरस निघाल्या. आसपासची खेडी नांगर ठेवून एमसच्या खुर्चीसाठी थांबायची म्हणे. समोरची खुर्ची त्यांनी अपघातानंतर मुलाच्या लग्नात दिली होती, आणि त्या मुलानं ती घोडागाडीत घालून पश्चिमेकडे नेली. तो मुलगा म्हणजे वॉल्टर यांचे पणजोबा. बाकीचे मुलगेही तसेच पांगले. घरी उरली एक मुलगी, हॅना. तिच्याबद्दल वॉल्टर एवढंच बोलले की तिनं लग्न केलं नाही, वडिलांचं घर सांभाळलं, आणि तिच्या हातची सफरचंदाचं सारण भरलेली पेस्ट्री गावात नावाजलेली होती.

मग त्यांनी आपला उजवा हात डाव्या हातानं उचलून टेबलावर ठेवला. "डॉक्टर म्हणतात, आता डाव्यानं शिका," ते म्हणाले. "एमसला जमलं. मी रोज सकाळी या खुर्चीवर बसून लिहायला शिकतो. म्हणून ती लवकर हवी आहे."

ते गेल्यावर मी ती नीट तपासायला घेतली. बैठकीच्या खालच्या बाजूला एमसच्या नावाचा जुना ठसा होता. ती बाजू नुसती रंधून सोडलेली. रंध्याचे पट्टे लांब, सरळ, एका दमात मारलेले. रंधा ढकलायला दोन हात लागतात. पुढचा हात दिशा धरतो आणि मागचा जोर देतो. ज्याला एकच हात धड आहे, त्याचा पट्टा शेवटाला वाकडा जातो. मी स्वतः एक हात पाठीमागे धरून तीन-चार फळ्यांवर करून पाहिलं. हे पट्टे दोन धडधाकट हातांचे होते.

आणि पायांच्या भोकांमधून एक रेघ गेली होती. पाय किती तिरके लावायचे ते ठरवायला अशी रेघ आखावीच लागते. आम्ही ती टोकदार खिळ्यानं ओढतो. ही रेघ मात्र नागमोडी होती. बारीक, एकसारख्या लाटांची, जणू लाकडाला शिवलेली. मला काही उमगेना.

सुमन दुपारचा डबा घेऊन आली. तिनं वाकून पाहिलं आणि लगेच म्हणाली, "अहो, हे कातण्यानं ओढलंय."

करंजीची कड कापायचं कातणं. दाते असलेलं छोटं चाक. मी म्हटलं, अमेरिकेत कुठली करंजी? ती म्हणाली, "सारण भरून कड बंद करायची असेल तर कुठल्याही देशात कातणं असणारच. तुम्हीच सांगितलंत ना, ती मुलगी पेस्ट्री करायची म्हणून."

मी चीडचा एक तुकडा घेतला. खिळ्यानं रेघ ओढली तर ती लाकडाच्या रेषेत घसरून वाकडी गेली. चीड मऊ असतं, त्याच्या रेषा खिळ्याला आपल्याकडे ओढतात. दुसऱ्या दिवशी सुमननं घरून पितळी कातणं आणून दिलं. ते फिरवलं तर रेघ जिथे हवी तिथेच गेली, कारण चाक लाकडाच्या रेषांवरून चालत जातं, त्यांच्यात अडकत नाही. खालच्या बाजूला, कमी उजेडातही ती दिसते. मी चाळीस वर्षं लाकूडकाम केलं, पण हे मला सुचलं नव्हतं.

कुठल्याशा खेड्यात एक बाई ओट्यावरचं कातणं उचलून दुकानात गेली होती. वडिलांच्या जागी उभी राहिली होती. मागच्या पायांचा कल पुढच्यांपेक्षा वेगळा ठेवावा लागतो, तो तिनं डोळ्यानं साधला होता. कुठला पाय कुठे किती आवळेल ते तिला आधीच ठाऊक होतं. भावाच्या लग्नाची खुर्ची केली, आणि तापवलेला ठसा घेऊन त्यावर वडिलांचं नाव उमटवलं. मी पुष्कळ चांगली कामं पाहिली आहेत. पण ज्याच्यापुढे हात आपोआप जोडले जावेत, असं काम माझ्या टेबलावर ते एकच आलं.

पाय बसवणं अवघड नव्हतं. पातळ पाचर मारून तो घट्ट केला, गोंद लावला नाही. अवघड होतं ते पुढचं. वॉल्टर आले की काय सांगायचं?

सुमनचं म्हणणं सरळ होतं. "सांगा. तिनं केलंय, तर तिचं नाव सांगा."

मी म्हटलं, "त्या माणसाचा हात गेलाय. तो एमसच्या भरवशावर उभा आहे. त्याच्या पायाखालची फळी काढून घेऊ?"

"त्यांना काय पेलेल ते तुम्ही ठरवायचं?" ती म्हणाली. मग विणायला बसता बसता, वर न बघता बोलली, "ठसा एकाचा आणि हात दुसऱ्याचे, हे तुम्हाला ओळखू यायलाच हवं म्हणा."

ते मला लागलं. लागलं म्हणूनच मी चिडलो, हे आज कळतं. दुसऱ्या दिवशी सुमन यायच्या आधी मी पॉलिश पेपर घेतला आणि बैठकीची खालची बाजू घासायला लागलो. रंध्याचे पट्टे गेले. नागमोडी रेघ गेली. एमसचा ठसा मात्र मी सांभाळून ठेवला. साफ झालेल्या जागेवर, जिथून ती रेघ जायची, तिथे मी नेहमीप्रमाणे माझा ठसा उमटवला. अंकल लिम लेथ बंद करून माझ्याकडे बघत राहिले. "व्हाय?" एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गिऱ्हाइकाला स्वच्छ हवं असतं. सुमन आली, तिनं खुर्ची पाहिली आणि त्या विषयावर ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही.

वॉल्टर आले. खुर्चीवर बसले, थोडं मागे रेलले, डोळे मिटले. मग त्यांनी डावा हात बैठकीच्या खाली घातला आणि बोटं फिरवली. बोटं एका जागी थांबली, पुन्हा मागे गेली, पुन्हा थांबली. मला वाटलं, सफाई बघतायत. "खूप गुळगुळीत झालंय," ते म्हणाले. माझे आभार मानले. मी खूश झालो.

ते निवृत्त होऊन मायदेशी गेले. दर नाताळला त्यांचं कार्ड यायचं. पहिल्या कार्डावरची अक्षरं वेडीवाकडी होती, नंतरच्या कार्डांवर सुधारत गेली. ती मी सुमनला दाखवायचो. बघ, डाव्या हातानं शिकले. सांगितलं असतं तर शिकले असते का? ती कार्ड बघायची आणि परत द्यायची. मग कार्डं यायची थांबली. गाळाही मी बंद केला. त्यानंतर पुष्कळ दिवाळ्या गेल्या. दर दिवाळीला सुमन करंज्या करायला बसली की मी काहीतरी निमित्त काढून लिटिल इंडियात सामान आणायला जायचो. ते कातणं मला बघवत नसे. आणि खरं म्हणजे गाळा बंद होईपर्यंत रेघा आखायला मी तेच वापरत होतो. कुणी विचारलं तर सांगायचो, माझी स्वतःची पद्धत आहे.

गेल्या दिवाळीच्या आधी एका बाईंचा फोन आला. नाव रूथ, वॉल्टर यांची मुलगी. इथल्या एका विद्यापीठात वर्षभरासाठी शिकवायला आली होती. वडील वारले होते. घराण्याचा इतिहास ती लिहीत होती, आणि मला शोधलं होतं खुर्चीखालच्या माझ्या ठशावरून. भेटता येईल का? मी घरी बोलावलं. त्या दिवशी सुमनच्या करंज्या चालल्या होत्या. या वेळी मला सामान आणायला जाता आलं नाही.

रूथ पन्नाशीची, वडिलांसारखीच उंच. खुर्ची अमेरिकेत होती, तिचे फोटो तिनं आणले होते. चहा झाला. मग तिनं एक फोटो पुढे केला. बैठकीची खालची बाजू, मधोमध 'व. पांचाळ'.

"इथे एक रेघ होती," ती म्हणाली. "लाटांसारखी. बाबा लहानपणी या खुर्चीखाली पडून तिच्यावर बोट फिरवायचे. त्यांच्या लेखी ती गावाकडची नदी होती. मलाही त्यांनी तेच शिकवलं, आणि मीही लहानपणी ती नदी बोटानं चालत गेले आहे. तुमच्याकडून खुर्ची परत आली तेव्हा ती नव्हती. ती कसली रेघ होती, एवढंच मला विचारायचंय."

बैठकीखाली थांबलेली ती बोटं मला दिसली.

मी विचारलं, "ते मला कधी बोलले का नाहीत?"

"ते म्हणाले, त्या माणसानं इतक्या प्रेमानं काम केलंय, त्याला कशाला वाईट वाटू द्यायचं."

मी सगळं सांगितलं. रंध्याचे पट्टे, हॅना, पॉलिश पेपर. मी हे का केलं तेही सांगितलं, की त्यांना एमसचा आधार होता, आणि तो काढून घ्यायचं मला धाडस झालं नाही. वर म्हटलं, "पण त्यांना जमलं ना. कार्डांवरचं अक्षर किती सुधारलं होतं."

रूथ म्हणाली, "पहिलं कार्ड त्यांनी लिहिलं होतं. पुढची मी लिहायचे. त्यांचा डावा हात शेवटपर्यंत तयार झाला नाही. रोज सकाळी खुर्चीवर बसायचे, आणि एमसला जमलं ते आपल्याला का जमत नाही म्हणून स्वतःवर चिडायचे. त्यांच्या बुटांच्या नाड्या मी बांधायचे, आणि मी बांधते याची त्यांना लाज वाटायची." ती फोटोकडे बघत होती. "एमसच्याही कुणीतरी बांधल्या होत्या, हे त्यांना कळायला हवं होतं, मिस्टर पांचाळ. तुम्ही त्यांना विचारायला हवं होतं."

ती चढ्या आवाजात बोलली नाही. बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

सुमन स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती बाहेर आली, रूथला हाताला धरून आत घेऊन गेली. ओट्यावर सारण भरून दुमडलेली करंजी होती. सुमननं पितळी कातणं तिच्या कडेवरून फिरवलं आणि बाजूला झाली. रूथनं खाली वाकून त्या कडेवर बोट ठेवलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. "हीच," ती म्हणाली. मग कातणं हातात घेऊन तिनं कापायच्या राहिलेल्या करंज्यांच्या कडा एकेक करून कापल्या. सुमन भरत होती, ती कापत होती. मी दारात उभा होतो. मला कुणी बोलावलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

जाताना तिनं सांगितलं की पुस्तकात ती खुर्च्या करणाऱ्या दोघांची नावं लिहील, एमस आणि हॅना. पण रेघ राहिलेली नाही. पुरावा म्हणून आहे ती फक्त माझी साक्ष. म्हणून माझ्या नावानिशी हे लिहून काढा, असं तिनं मला सांगितलं. तिला इंग्रजीत लिहून दिलं आहे. मराठीत इथे लिहितो आहे, कारण माझं दुसरं एक देणं याच वाचकांसमोर फेडायचं आहे.

दारात रूथनं सुमनला विचारलं होतं, "तुम्ही गाळ्यात काय करायचात?" सुमन म्हणाली, वेत विणायचे. "मग तुमचं नाव कुठे आहे?" सुमन हसली. माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, "सांगा तिला, लोकांच्या बुडाखाली नाव घालून मला काय करायचंय?"

तिला नसेल करायचं, पण मला ते करायला हवं होतं. तेव्हा सिंगापुरातल्या मराठी घरांत, ज्यांच्याकडे 'व. पांचाळ' ठशाची वेताची खुर्ची असेल, त्यांना विनंती. ती एकदा उलटी करा. विणकामाची शेवटची पट्टी जिथे संपते तिथे एक गाठ दिसेल. वेत विणणारे तिथे साधी गाठ मारून टोक कापतात. ही गाठ गजऱ्याची आहे, दोरा दोनदा गुंडाळून आत खोचलेली. सुमन लहानपणी आईबरोबर गजरे करायची, त्यातली. असली गाठ सापडली तर ते काम तिचं आहे. आणि वेताचं विणकाम तिच्याशिवाय आमच्या गाळ्यात कुणी केलेलं नाही, तेव्हा ती सापडेलच.

मग खुर्ची सरळ करून बसा, पण जरा बेतानं. वेत अजून ताठ असेल, त्याची मी खात्री देतो. पाय मी बसवलेत.